सज्ज्यातलं आमीन

१

तोफा सुरू झाल्यापासून काचवाल्याचा धंदा उलटा झाला होता. एरवी लोक त्याला काच बसवायला बोलवायचे, आता काढायला बोलवत. गोळा कुठंही पडो, माणसाचा जीव जातो तो खिडकीच्या काचेने, हे एव्हाना शेंबड्या पोरालाही कळलं होतं. तो चौकटीतली वाळलेली पुट्टी पटाशीने खरवडायचा, बारीक खिळे उपसायचा, अख्खी काच अलगद सोडवून जुन्या चादरीत गुंडाळायचा आणि चौकटीवर प्लायवूड ठोकून द्यायचा. घरात अंधार पडायचा. मालकीण म्हणायची, कबरीत राहिल्यासारखं वाटतं हो. तो म्हणायचा, वहिनी, कबरीत जाण्यापेक्षा बरं. हा विनोद तो प्रत्येक घरी करायचा आणि प्रत्येक घरी लोक हसायचे, कारण हसायला दुसरं काही उरलं नव्हतं.

मशिदीच्या काचाही त्यानेच काढल्या होत्या. खालच्या सगळ्या खिडक्यांना प्लायवूड आलं. वरचा सज्जा बायकांच्या नमाजेचा होता. त्याचा जिना एका गोळ्याने खाली आणला होता, तेव्हा वर जायचा प्रश्नच मिटला. सज्ज्याचा दरवाजा आता भिंतीत अधांतरी राहिला होता, आणि तोही आधीपासून बाहेरून साखळी लावून बंद.

त्या दिवसांत प्रत्येक नमाजेत इमामसाहेब शेवटच्या रुकूतून, कमरेत वाकलेले, उठले की लगेच सजद्यात कपाळ टेकायला जात नसत. उभ्या उभ्या हात पसरून संकटाची दुआ मागत. एकेक मागणं व्हायचं आणि मागच्या ओळी आमीन म्हणायच्या. ओळी आता थोड्याच उरल्या होत्या. काचवाला नेहमी शेवटच्या ओळीत, सज्ज्याखाली भिंतीलगत उभा राहायचा. दुपारची नमाज होती. इमामसाहेबांनी मागितलं, आमच्या लेकरांना राख. ओळी म्हणाल्या, आमीन. आणि मग, सगळे गप्प झाल्यावर, वरून आणखी एकदा आलं. आमीन.

मोठ्याने नव्हतं. पण ते खूप जणांचं होतं आणि एकाच दमात होतं. खाली आमीन म्हटलं की कुणी पुढे कुणी मागे, कुणाला खोकला, कुणाचा घसा बसलेला. वरच्यात तसलं काहीच नव्हतं.

२

बाहेर चपला घालताना त्याने शेजारच्या न्हाव्याला विचारलं, वरून काही ऐकलंस का. न्हावी म्हणाला, माझ्या कानात त्या गोळ्यापासून शिट्टी वाजतेय, तू आत्ता काय बोललास तेही मी ओठांवरून ओळखलं.

काचवाला काही भोळा माणूस नव्हता. घुमतो आवाज, असं त्याने स्वतःला समजावलं. पण घुमणं म्हणजे काय हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं. काच आवाज परत फेकते. काचा काढल्यावर मशीद उलट बसक्या आवाजाची झाली होती, बोललेलं प्लायवूडमध्ये जिरून जात होतं. शिवाय घुमलेला आवाज आपलाच असतो. त्यात आपल्या शेजाऱ्याचा खोकलाही घुमायला हवा.

तरी त्याने मनावर घेतलं नाही. झोप नाही, पोटात धड अन्न नाही, कान वाजायचेच. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा आलं, आणि तिसऱ्याही. तो जिवाचा कान करून उभा राहू लागला. हळूहळू त्याला त्या आवाजाचा आधारही वाटू लागला, खोटं कशाला सांगा.

मग तो शुक्रवार आला. सकाळी बाजारात गोळा पडला होता आणि मशिदीत निम्मी माणसं तिथून थेट आली होती, कपड्यांवर नको ते डाग घेऊन. इमामसाहेब मागता मागता रडायला लागले. पाठ असलेली दुआ त्यांनी सोडली आणि साध्या बोलीत मागितलं, की आता तुझ्याशिवाय आमचं कुणी नाही. तुझी मदत पाठव, आणि ती आमच्यापासून काढून घेऊ नकोस. काचवाला आतून पिळवटून आमीन म्हणाला. वरून आमीन आलं ते इतक्या जवळून, की त्याच्या टोपीवर सज्ज्याच्या फळ्यांमधली धूळ पडली.

त्या दुपारपासून तोफा थांबल्या.

३

का थांबल्या ते कुणालाच कळलं नाही. कुणी म्हणालं तह झाला, कुणी म्हणालं टेकडीवरून तोफा डागणाऱ्या सैन्यात साथ पसरली. आठवड्याभराने धीट माणसं टेकडीवर जाऊन आली. तोफा जागच्या जागी होत्या, चुलींवर भांडी तशीच होती, आणि माणसं कुठंच नव्हती. त्यावर फार बोलायला कुणाला आवडलं नाही. इमामसाहेबांनी शुक्र अदा केला, अल्लाचे आभार मानले, आणि संकटाची दुआ बंद केली. ती संकटापुरतीच असते, ते म्हणाले. सज्जाही गप्प झाला. काचवाल्याला हलकं वाटलं.

आता साऱ्या शहराला काचा हव्या होत्या. दुकान तर पडलेलं, म्हणून त्याने माल घरातच उतरवला. पुढच्या खोलीत लाकडी पट्ट्यांवर मोठमोठ्या काचा भिंतीला टेकवून उभ्या केल्या. घरात चार माणसं. तो, त्याची बायको, त्याची आई आणि सहा वर्षांची मुलगी. मुलगी उंचीने बेताची, म्हणून आजीने तिचं नाव बुटकी ठेवलं होतं आणि तेच पडलं होतं.

आजीबद्दल सांगायलाच हवं. तिच्या जिभेला हाड नव्हतं. मेल्या, मुडद्या, तुझं वाटोळं होवो, तुझ्या तोंडाला आग लागो, अशी तिची दिवसभर सरबत्ती चालायची. यातून कुणीही सुटत नसे, न निघणारं झाकणसुद्धा. आणि आजारी शेजारणीच्या उशाशी रात्रभर बसायचं असलं की हीच पहिली उठायची. तिच्या शिव्या खाऊनच काचवाला मोठा झाला होता आणि बुटकीला तर त्यावाचून जेवण जात नव्हतं.

एक दिवस दुपारी काचवाल्याची आई जरा लवंडली होती आणि शेजारच्या इमारतीतलं जनित्र भडभडायला लागलं. आई कूस बदलत म्हणाली, बंद पड मेल्या कायमचा. काचवाला खाली बसून काचेवर हिऱ्याच्या कटरने रेघ मारत होता. माळ्यावरून आवाज आला, आमीन. त्याची रेघ वाकडी गेली. जनित्र एक उचकी देऊन थांबलं.

माळ्यावर प्लायवूडचे तुकडे आणि मोडका पाळणा होता. त्याने शिडी लावून पाहिलं. धूळ होती, आणि धुळीवर कसलाच ठसा नव्हता. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली, असं म्हणून तो खाली आला. जनित्र मात्र पुन्हा कधी चालू झालं नाही. मेकॅनिकने उघडून पाहिलं, सगळं ठीक होतं, नुसतं चालत नव्हतं.

४

दुसरी फांदी नळावर तुटली. रांगेत एका कुलूपवाल्याने आईच्या कळश्या बाजूला सारून आपली बादली लावली. आई घरी येऊन तणतणत होती, हात झडो त्याचा. काचवाल्याने धावत जाऊन तिच्या तोंडावर हात ठेवला, पण उशीर झाला होता. या वेळी आवाज माळ्यावर नव्हता. खोलीतच होता, दाराच्या बाजूला. आई त्याचा हात झटकून म्हणाली, वेड लागलं का तुला. तिने काही ऐकलं नव्हतं. बायकोनेही नाही.

दुसऱ्या दिवशी कुलूपवाल्याच्या दुकानाचं लोखंडी शटर त्याच्या मनगटावर आलं. हात वाचला नाही.

काचवाला इमामसाहेबांकडे गेला. ते हौदाच्या कठड्यावर बसून चष्मा पुसत होते. त्याने सगळं सांगितलं, सज्ज्यापासून. ते हसले नाहीत, ही गोष्ट त्याला आवडली नाही. त्याला वाटलं होतं, ते हसतील आणि झोपेच्या गोळ्या घ्यायला सांगतील.

ते म्हणाले, की म्हणूनच पैगंबरांनी आपल्याला बजावून ठेवलंय. स्वतःला, लेकरांना, आपल्या चीजवस्तूला वाईट बोलू नका. कबुलीची, मागणं मंजूर व्हायची घडी कोणती ते माणसाला माहीत नसतं, आणि माणूस बोलतो त्यावर फरिश्ते आमीन म्हणतात.

“ती घडी केवढी असते?” काचवाल्याने विचारलं.

“ते आपल्याला सांगितलेलं नाही.”

“आपणच मागितलं होतं ना, काढून घेऊ नकोस म्हणून.”

इमामसाहेबांनी चष्मा घातला, पुन्हा काढला.

“मदत मागायच्या दुआ मला खूप शिकवल्या,” ते म्हणाले. “मदत परत पाठवायची कुणी शिकवली नाही. ती मागावी तरी कशी? बेअदबी आहे. आणि उद्या तोफा परत आल्या तर?”

घरी येताना काचवाल्याच्या जिभेवर भीक नको पण कुत्रा आवर ही म्हण आली होती. अर्धी आली आणि त्याने ती दातांखाली दाबून गिळली.

५

त्या दिवसापासून घराची वाचा बसली. त्याने आईला आणि बायकोला समोर बसवून सांगितलं. बायकोच्या नजरेत दया होती. तोफांनी शहरातल्या बऱ्याच पुरुषांची डोकी हलली होती, आपल्याही घरी आलं, असं तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. आई आधी हसली. मग कुलूपवाल्याचा हात तिला आठवला असावा. ती उठून त्याच्या घरी गेली, त्याच्या बायकोला स्वयंपाकात मदत करून आली, आणि त्यानंतर तिने तोंडात पदराचा बोळा धरायची सवय लावून घेतली. शिवी आली की ती पदर चावायची.

ते बघवत नव्हतं. बुटकी आजीच्या मांडीवर बसून म्हणायची, आजी, मला बोल ना काहीतरी. आजी म्हणायची, शहाणी माझी बाय. बुटकी म्हणायची, हे नाही, ते.

काचवाल्याने चांगलंही मागून पाहिलं. काचांच्या खोलीत एकटा उभा राहून तो स्पष्ट म्हणायचा, माझ्या मुलीला उदंड आयुष्य दे. आणि वाट पाहायचा. बाहेर रस्त्यावर कुणी सायकलची घंटी वाजवायचं. भिंतीला टेकलेल्या काचा ऊन फिरलं की बारीक कुरकुरायच्या. बाकी काही नाही. कदाचित हळू म्हणत असतील, असं तो मनाला सांगे. चांगल्याला आवाज लागत नसेल. ऐकू आलं नाही म्हणजे झालं नाही, असं थोडंच आहे? पण त्याला एक शंका छळत होती. चांगलं तो विचार करून, शब्द जुळवून मागत होता. ते जे उभे होते, ते जुळवलेल्या शब्दांसाठी आलेले नव्हते. शहराने त्यांना बोलावलं होतं ते हंबरड्याने. त्यांना हंबरडाच ऐकू येत असेल.

उभे होते, असं तो मनात म्हणाला, आणि का म्हणाला ते त्याला कळलं नाही. त्याने कुणाला पाहिलेलं नव्हतं. पण हल्ली तो खोलीच्या मधोमध चालायचा बंद झाला होता. भिंतीकडेने जायचा, नमाज पढणाऱ्यांच्या पुढून जायचं नसतं तसा.

६

त्याने सगळ्यांची तोंडं बंद केली. स्वतःच्या तोंडाकडे त्याचं लक्षच नव्हतं. तो मुळात मितभाषी, त्याला कशाला भीती, असं तो धरून चालला होता.

सकाळचं काम आटोपून तो मागे हात धुवत होता. पुढच्या खोलीतून लाकूड घसरल्याचा आवाज आला. बुटकीचा चेंडू काचांच्या मागे गेला होता आणि तो काढायला ती पट्टीवर पाय देऊन चढली होती. सगळ्यांत पुढची काच तिच्या वजनाने भिंतीपासून सुटली होती आणि तिच्या मागोमाग बाकीच्या यायला लागल्या होत्या. काच पडताना घाई करत नाही. दाराइतकी उंच काच आपल्या मुलीवर सावकाश झुकताना त्याने पाहिली.

तो कसा पोचला ते त्याला सांगता आलं नसतं. खांदा लावून त्याने सगळा भार अडवला, गुडघ्याने मुलीला बाजूला ढकललं आणि एकेक करून काचा परत भिंतीला टेकवल्या. बुटकीला ओरखडाही नव्हता. ती चेंडू हातात घेऊन त्याच्याकडे बघत होती, आणि चक्क हसत होती.

त्याची भीती तेव्हा बाहेर पडली. ती कशी बाहेर पडते ते ज्याला मूल आहे त्याला सांगायला नको.

“मर एकदाची!” तो ओरडला. “मेलीस म्हणजे सुटेन मी या घोरातून!”

त्याचं तोंड काचेकडे होतं. काचेत त्याला आपली खोली दिसत होती, ऊन, उघडं दार, हसू मावळलेली बुटकी. आणि त्याच्या पाठीमागे दारापासून आतल्या भिंतीपर्यंत एक ओळ होती. खांद्याला खांदा लावून, मधे बोट शिरणार नाही अशी. तिच्यामागे दुसरी, आणि दारातून उन्हात, रस्त्यावर, जिथपर्यंत काच दाखवत होती तिथपर्यंत. चेहरे त्याने पाहिले नाहीत. त्याने मान खाली घातली, पायांकडे पाहिलं, आणि पाय जमिनीला टेकलेले नव्हते असं त्याला वाटलं, पण तोवर त्याने डोळे मिटले होते.

आमीन, असं त्या सगळ्यांनी म्हटलं.

७

दुपारी बुटकीला ताप भरला. कंपाउंडर येऊन गेला. घाबरली असेल, पट्ट्या ठेवा, म्हणाला. तिसऱ्या प्रहरापर्यंत ती स्वतःच्या आईला ओळखेनाशी झाली. काचवाला मशिदीत जाऊन सजद्यात पडला. तिच्याऐवजी मला ने, माझी जीभ ने, माझे हात ने. तो मागत राहिला आणि ऐकत राहिला. मागताना आपण ऐकतोय, हेच त्याचं मागणं पोकळ करत होतं आणि ते त्याला कळत होतं. शिवाय मनाच्या तळाशी, जिथे कुणी बघत नाही तिथे, त्याला मरायचं नव्हतं. सज्जा गप्प होता.

तो परत आला तेव्हा ऊन उतरलं होतं. बायको कोरड्या डोळ्यांनी पट्टी पिळत होती. आई मुलीच्या उशाशी होती. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि तोंडातला पदर काढला.

“काय बोललास तिला?”

त्याने सांगितलं. त्याला वाटलं, आता ती बोलेल, जन्मभर बोलली नाही ते सगळं बोलेल, आणि त्याला ते हवंही होतं. तिने नुसते नातीच्या कपाळावरचे केस मागे सारले.

“तुला ऐकू येतं ना?” ती म्हणाली. “मग हलू नकोस. इथंच उभा राहा आणि नीट ऐक.”

मग तिने तोंड वर केलं. तिचा जुना आवाज, कित्येक आठवड्यांत घराने न ऐकलेला, भांड्यावर भांडं आपटावं तसा निघाला.

“मुडद्यांनो, पोर घेऊन काय करणार आहात? हिच्यावर जे यायचंय ते माझ्यावर येवो. माझं वाटोळं होवो. मला न्या.”

बायकोने आईचा हात धरला. काचवाला जागचा हलला नाही. सांगितल्याप्रमाणे तो ऐकत होता. ते आलं. ते खोलीभर नव्हतं, दारातही नव्हतं. फक्त आईच्या खांद्यापाशी होतं आणि हळू होतं, कुणी वाकून कानात सांगावं तितकं.

त्याला हायसं वाटलं. छातीवरची शिळा उतरली आणि श्वास आत गेला, थेट खालपर्यंत. दुःख मागून येणार होतं, ते येताना त्याला दिसतही होतं, पण आधी हायसं वाटलं, आणि आई त्याच्या तोंडाकडेच बघत होती.

“आलं वाटतं,” ती म्हणाली. मग तिने बुटकीच्या पायांवरची चादर सारखी केली आणि तिच्या शेजारी आडवी झाली.